विमानांची कवाईत

शाळेच्या वार्षिक अंकासाठीं कांहीं तरी लिहून द्या, असें संपादकमंडळांतील विद्यार्थ्यांनीं आम्हांस सांगितलें, आणि जातां जातां दाराशीं थबकून त्यांतील एकानें हळूच पुस्ती जोडली, "सर, पण उपदेश नको हं!" ही अट आम्हांस मान्य आहे. ज्याला स्वतःलाच एक साधा धडा शिकण्यास दहा वर्षें लागलीं, त्यानें दुसऱ्यास उपदेश न करणेंच बरें. आम्ही येथें एका दिवसाची हकीकत सांगणार आहों. तिच्या पोटांत दुसऱ्या एका दिवसाची हकीकत आहे. ती सांगितल्यावांचून पहिली पुरी होत नाहीं.

सन २०१५ च्या फेब्रुवारींत, १८ पासून २२ तारखेपर्यंत, बंगळुराजवळ येलहंका येथील वायुदलाच्या तळावर 'एरो इंडिया' हें विमानांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा त्या वेळीं बंगळुरास विमानविद्येचा अभ्यास करीत होता. "मामा, या खेपेस तुम्ही याच," असा त्यानें आग्रह धरला, म्हणून आम्ही पुण्याहून आगगाडीनें निघालों. खरें सांगावयाचें तर विमानांपेक्षां त्या बोलावण्याचेंच आम्हांस अधिक अप्रूप वाटलें. मामा-भाच्यांत जो मोकळेपणा असावा तो आम्हां दोघांत कित्येक वर्षांपासून उरला नव्हता. भांडण नव्हतें, अबोलाही नव्हता. दिवाळींत तो वांकून नमस्कार करी, आम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवीत असूं. पण त्या नमस्कारांत आणि त्या हातांत कांहीं तरी उणें असे. त्याचें कारण दोघांसही ठाऊक होतें, आणि दोघेही तें बोलत नसूं.

शनिवारीं, २१ तारखेस, आम्ही सकाळींच मैदानावर जाऊन पोंचलों. माणसांची एवढी दाटी कीं, पंढरीच्या वारीची आठवण व्हावी. लहान मुलें बापाच्या खांद्यावर बसलेलीं, म्हातारीं माणसें कपाळावर हात धरून आकाशाकडे पाहत असलेलीं. लढाऊ जेट विमानें उडत तेव्हां छातींत धडकी भरे. परंतु मान वळवून पाहावें तों आकाश रिकामें झालेलें असे. शक्ति डोळ्यांपुढून गेली एवढें कळे, पण ती कशी गेली तें कांहीं कळत नसे.

मग धांवपट्टीच्या टोंकाकडून जुन्या पिठाच्या गिरणीसारखी घरघर ऐकूं आली, आणि दुहेरी पंखांचीं, नारिंगी व पांढऱ्या रंगाचीं विमानें संथपणें वर चढूं लागलीं. प्रथम लोक हंसले. एवढ्या वेगवान यंत्रांच्या मेळ्यांत हीं आजोबांच्या काळचीं विमानें कशाला, असें कित्येकांस वाटलें असावें. परंतु तीं जवळ आलीं मात्र, आणि सर्वांचें हंसणें थांबलें. प्रत्येक विमानाच्या वरच्या पंखावर, उघड्या वाऱ्यांत, एकेक तरुणी उभी होती! कमरेशीं पट्टा व पाठीशीं धातूची एक चौकट, एवढाच काय तो आधार. त्या हात पसरीत होत्या, गुडघे वांकवीत होत्या, आणि खालच्या लोकांस हात हालवून अभिवादन करीत होत्या.

हें पथक इंग्लंडांतून आलें होतें. ग्लॉस्टरशर परगण्यांत रेंडकोंब नांवाचें एक जुनें विमानतळ आहे. पहिल्या महायुद्धांत तेथें वैमानिकांस शिक्षण देत असत. तेंच या पथकाचें घर. त्यांचीं विमानें मात्र अमेरिकेंत बांधलेलीं, 'बोइंग स्टिअरमन' जातीचीं. ही जात सन १९३४ मध्यें प्रथम उडाली आणि दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या भूदलाच्या व नौदलाच्या हजारों वैमानिकांनीं उडण्याचा श्रीगणेशा तिच्यावर गिरविला. अशीं आठ हजारांवर विमानें तयार झालीं होतीं. युद्ध संपल्यावर तीं स्वस्तांत विकलीं गेलीं व पुष्कळांच्या नशिबीं शेतांवर औषध फवारण्याचें काम आलें. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लांकडाचे, वरून ताणून बसविलेलें कापड. अशी ही रचना. मूळचें एंजिन सुमारें २२० अश्वशक्तीचें. कसरतीसाठीं त्याच्या जागीं ४५० अश्वशक्तीचें बसविलेलें असतें.

आम्हीं भाच्यास विचारलें, "एवढीं नवीं विमानें असतां हीं जुनीं दुहेरी पंखांचीं कशास हवींत?" तो हंसून म्हणाला, "मामा, पूल पाहिला आहे ना? वरची तुळई, खालची तुळई, मध्यें खांब आणि तिरप्या पट्ट्या. बायप्लेनचे पंख तसेच. दोन पंख, मध्यें दांडे व ताणलेल्या तारा. म्हणून तें वजनानें हलकें असूनही बळकट. पंखांचें क्षेत्रफळ दोहोंत वांटलें गेल्यामुळें लांबी कमी पुरते, आणि आंखूड पंखांचें विमान चटकन कुशीवर वळतें. शिवाय त्याचा वेग बेताचा, म्हणून तें लोकांच्या डोळ्यांपुढें लहानशा जागेंत वळूं शकतें. जेट विमानाला तेंच वळण घेण्यास मैलचे मैल लागतात."

त्यानें आणखीही पुष्कळ सांगितलें. आपल्या देशाचें वायुदल ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं स्थापन झालें आणि १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीस ड्रिग रोड येथें त्याची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हां तिच्याजवळ अवघीं चार 'वापिती' विमानें होतीं, आणि तीं चारही दुहेरी पंखांचीं होतीं. पुढें आपल्याकडील कित्येक वैमानिकांच्या हातीं प्रथम जें सुकाणू आलें तें 'टायगर मॉथ' या विमानाचें, तेंही बायप्लेनच. म्हणजे ज्यांस पाहून लोक हंसले तीं आमचीं परकीं नव्हतीं, घरचींच वडील माणसें होतीं.

तोंवर आकाशांत कवाईत सुरू झाली होती. पुढें एक विमान, त्याच्या पंखाच्या मागें किंचित् बाजूस दुसरें. जणूं एकाची दुसऱ्यावर सावली पडावी. पुढचें वळलें कीं मागचें वळे, पुढचें कुशीवर झुकलें कीं मागचेंही झुके. मग दोन्ही नाकें खालीं करून वेग घेत, पुन्हां वर उसळत, आणि मागें पांढऱ्या धुराची कमान राही. हा धूर म्हणजे कांहीं जळत असतें असें नव्हे. एंजिनाच्या तापलेल्या धुराड्यांत पातळ तेल सोडतात, त्याची वाफ होऊन तो पांढरा लोट उठतो. विमान अशा वळणांतून वर उसळतें तेव्हां पंखावरील मुलीचें वजन तिचें तिलाच तिपटी-चौपटीनें भासतें. एंजिनाच्या व वाऱ्याच्या आवाजांत शब्द ऐकूं येणें अशक्य. वैमानिकाशीं तिचें बोलणें काय तें हाताच्या खुणांनीं.

आमच्या पोटांत मात्र गोळा उठला होता. दोनच दिवसांपूर्वीं, १९ तारखेस, याच प्रदर्शनांत झेक देशांतून आलेल्या दुसऱ्या एका पथकाच्या दोन विमानांचे पंख हवेंत एकमेकांस घासले होते. दोन्ही विमानें सुखरूप उतरलीं, ही देवाची कृपा. परंतु तें वर्तमान मैदानावरील प्रत्येकाच्या मनांत ताजें होतें.

"हीं इतकीं जवळून उडतात तरी कशीं?" आम्हीं विचारलें. "मागच्याला एकाच वेळीं जमीन, आकाश, घड्याळें आणि पुढचें विमान हें सारें सांभाळतां येतें तरी कसें?"

"सांभाळीत नाहींच," तो म्हणाला. "मागचा वैमानिक जमिनीकडे पाहत नाहीं, आकाशाकडे पाहत नाहीं. पुढच्या विमानावरच्या दोन खुणा तो मनांशीं धरतो. समजा, पंखाचा एक दांडा आणि शेपटीचें एक टोंक. त्या दोन खुणा एका रेषेंत दिसल्या कीं तो आपल्या जागीं आहे. रेषा मोडली कीं तो सरकला. एवढेंच तो पाहत असतो. विमान उलटें झालें तरी त्याला तें आकाशावरून कळत नाहीं, कारण त्याचे डोळे पुढच्यावर खिळलेले असतात."

"मग आपण कोठें आहों हें त्याला समजतें कसें?"

"समजत नाहीं. तें पुढच्यानें समजून घ्यावयाचें असतें."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. तो आपल्याच तंद्रींत पुढें सांगत होता. शाळेच्या संचलनांत रांग वळतांना आंतला मुलगा जागच्या जागीं पाय हालवितो आणि बाहेरच्याला लांब लांब ढांगा टाकाव्या लागतात, आकाशांतही तसेंच. वळणाच्या बाहेरच्या बाजूस जो असतो त्याला अधिक मोठें वर्तुळ कापावें लागतें, म्हणजेच अधिक वेग लागतो. "म्हणून, मामा, पथकाचा म्होरक्या आपल्या एंजिनाचा पुरा जोर कधींच लावीत नाहीं. त्यानें पुरा जोर लावला तर मागच्याजवळ भरून काढण्यास कांहीं उरतच नाहीं. दोघांचीं एंजिनें सारखींच ना! म्हणून पुढच्यानें थोडी शक्ति राखून उडावयाचें, ती मागच्यासाठीं. आणि वळण्याआधीं सांगावयाचें, मग वळावयाचें."

हें त्यानें शास्त्र म्हणून सांगितलें. त्यांत टोमणा मुळींच नव्हता. परंतु आम्हांस भर उन्हांत कोणी थंड पाणी अंगावर ओतल्यासारखें झालें. आतां ती दुसरी हकीकत सांगितली पाहिजे.

सन २००४ च्या डिसेंबरांत, नाताळच्या सुट्टींत, ओळखीच्या घरांतील आठ-दहा मुलांस घेऊन आम्ही राजगडाहून तोरण्यास डोंगराच्या सोंडेवरून पायीं निघालों होतों. भाचा त्या वेळीं बारा वर्षांचा, सर्वांत लहान. आमच्या पायांत त्या काळीं जोर होता व त्या जोराचा अभिमानही होता. अंधार पडण्याच्या आंत तोरणा गांठावयाचाच, असें म्हणून आम्ही झपाझपा पुढें चाललों. मोठीं मुलें बरोबरीनें चालत होतीं; त्यांना आम्ही किल्ल्यांच्या गोष्टी सांगत होतों, हंशा पिकत होता, आणि आपण किती उत्तम पुढारी आहों असें मनांत वाटून समाधानही होत होतें. बुधला माचीच्या खालीं येऊन आम्हीं मुलें मोजलीं. एक कमी भरलें.

पुढचे दोन तास आम्ही कसे काढले तें लिहिण्याची आतांही इच्छा होत नाहीं. कारवीच्या रानांतून हाका मारीत आम्ही उलटे फिरलों. सूर्य मावळल्यावर एका गुराख्याच्या खोपटाशीं, चुलीच्या उजेडांत, तो बसलेला दिसला. एका बुटाचा तळ पार सुटून लोंबत होता, म्हणून तो मागें पडला, व पुढें गुरांच्या वाटेस लागून चुकला होता. हातांत भाकरीचा तुकडा होता. तो रडत नव्हता. आम्हांस पाहून त्यानें एवढेंच म्हटलें, "मामा, मी हाक मारली होती."

येथपर्यंत झाली ती चूक. चूक कोणाच्याही हातून होते. परंतु दुसऱ्या दिवशीं घरीं आल्यावर बहिणीनें विचारलें तेव्हां आम्हीं म्हटलें, "कांहीं नाहीं, जरा रेंगाळला होता. मुलांचें लक्ष इकडे तिकडे जातेंच." भाचा दाराशीं उभा होता. त्यानें तें ऐकलें, आमच्याकडे एकदां पाहिलें, आणि कांहीं एक न बोलतां तो आंत निघून गेला. वाचकहो, हा अपराध. त्या दिवसापासून तो कधींही आमच्याबरोबर डोंगरावर आला नाहीं, आणि आम्हीं कधीं बोलावलेंही नाहीं.

येलहंक्याच्या मैदानावर आकाशांत धुराच्या रेघा विरत होत्या. आम्हांस धीर होईना, म्हणून विषय बदलण्यासाठीं आम्हीं विचारलें, "हा प्रकार केव्हांपासूनचा?" त्यानें सांगितलें कीं, लंडनजवळ हेंडन येथें सन १९२० पासून १९३७ पर्यंत दरसाल वायुदलाचे खेळ होत, त्यांत दुहेरी पंखांचीं विमानें एकमेकांस दोरीनें बांधून कसरती करीत. अमेरिकेंतही सन १९२८ मध्यें नौदलाचें 'थ्री सी हॉक्स' हें तिघांचें पथक कसरती करीत असे. पुढें सन १९४४ मध्यें कर्टिस पिट्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें अवघ्या १७ फुटांच्या पंखांचें चिमुकलें बायप्लेन बांधलें, आणि त्याच जातीच्या विमानांवर सन १९७६ मध्यें जॉर्डन देशाचें राजपथक उभें राहिलें. अमेरिकेंत स्टिअरमन विमानांचें 'रेड बॅरन' पथक सन १९७९ पासून २००७ पर्यंत गांवोगांव खेळ करीत असे.

दोरीची गोष्ट आम्हांस विलक्षण वाटली. "दोरीनें बांधलेलीं असलीं म्हणजे दूर जाण्याचें भय नाहीं, असेंच ना?"

"उलट आहे," तो म्हणाला. "तेवढ्याशा दोरीनें विमान थोडेंच धरून ठेवतां येतें? जरा अंतर वाढलें कीं ती तटकन तुटणार. दोरी धरून ठेवण्यासाठीं नव्हेच. खालीं उतरल्यावर ती शाबूत असली म्हणजे लोकांस दिसावें कीं, वाटेंत कोणी कोणाला सोडलें नाहीं, एवढ्यासाठीं."

आतां मात्र आम्हांस राहवेना. विमानें उतरूं लागलीं होतीं, लोक टाळ्या वाजवीत होते. त्या गोंगाटांत आम्हीं विचारलें, "त्या दिवशीं तोरण्याच्या वाटेवर तूं किती वेळां हाक मारलीस रे?"

तो क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिला. दहा वर्षांत हें नांव आमच्या दोघांत निघालें नव्हतें. मग तो खालीं पाहून म्हणाला, "मोजल्या नाहींत, मामा."

"तूं रेंगाळला नव्हतास," आम्ही म्हणालों. "आम्ही धांवत होतों. आणि घरीं येऊन आम्ही खोटें बोललों. याची क्षमा तेव्हांच मागावयास हवी होती. ती आज मागतों."

वडील माणसानें धाकट्याची क्षमा मागावी हें आमच्या घरांतील रीतीला धरून नव्हतें, आणि तोही गोंधळून गेला. "असूं दे हो मामा," असें कांहींसें तो पुटपुटला, आणि पाण्याची बाटली आमच्या हातीं देऊन दुसरीकडे पाहूं लागला. त्याचे डोळे भरून आले होते कीं उन्हानें दिपले होते, हें आम्हीं निरखून पाहिलें नाहीं. कारण आमचीही अवस्था निराळी नव्हती.

परततांना मैदानापासून मोटारींच्या थांब्यापर्यंत बरेंच चालावें लागलें. आमचे गुडघे आतां पूर्वींचे राहिले नाहींत. गर्दींत वाट काढीत तो पुढें चालला होता; पाय तरुण, उंची चांगली, मनांत आणतां तर पांच मिनिटांत थांबा गांठता. परंतु दर दहा-वीस पावलांवर त्याची चाल आपोआप मंदावे, मान किंचित् मागें वळे, आम्ही दिसलों कीं पुन्हां पाऊल पुढें पडे. त्यानें हें मुद्दाम केलें असें आम्हांस वाटत नाहीं. आम्ही त्याच्या सदऱ्याची पाठ आणि खांद्यावरची पिशवी या दोन खुणा धरून मागोमाग चाललों होतों. वाट कोणती, थांबा कोठें, हें आम्हीं एकदांही पाहिलें नाहीं. आणि पाहण्याची गरजही वाटली नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं बहिणीस टेलिफोन केला व सारें सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मला तें त्याच दिवशीं कळलें होतें. तो कांहीं बोलला नाहीं. पण त्याचा बूट मीच मोच्याकडे नेला होता ना. तूं केव्हां सांगतोस याची वाट पाहत होतें."

असो. उपदेश न करण्याचें वचन आम्हीं दिलें आहे, तेव्हां येथेंच थांबतों. एक मात्र कळवून ठेवतों. त्या वर्षापासून शाळेच्या सहलींत आम्ही सर्वांत मागें चालत असतों. पुढें कोण चालणार हें मुलें आपसांत ठरवितात, आणि ज्याची निवड होते त्याच्याकडून निघण्यापूर्वीं आम्ही एकच गोष्ट वदवून घेतों: सर्वांत लहान मुलाच्या पायांत आज बूट कसे आहेत, हें त्यानें पाहिलें आहे कीं नाहीं. आणि आमचा भाचा सन २०१५ च्याच नाताळांत सुट्टीवर आला, तेव्हां आम्ही दोघे राजगडाहून तोरण्यास पुन्हां गेलों. पोंचावयास अंधार पडला. पण दोघेही बरोबर पोंचलों.